घर फिरल्यावर वाशांचे काय?

वाशावरच्या तीन म्हणी मराठीत सर्रास वापरल्या जातात. ‘बडा घर पोकळ वासा’, ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ आणि ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’. पहिलीत पोकळ श्रीमंतीची थट्टा आहे, दुसरीत पडत्या काळाचे दुःख आहे आणि तिसरीत कृतघ्नपणाचा ठपका. तिन्हींचा अर्थ आपण सांगू शकतो, निबंधात त्या घालू शकतो, परीक्षेत त्यांवर गुण मिळवू शकतो. पण आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत येणारे आणि कौलांचा भार पेलणारे ते लाकूड हाताने चाचपून पाहिलेले विद्यार्थी आता किती उरले असतील, हा प्रश्न मराठीच्या कोणत्याही शिक्षकाने एकदा आपल्या वर्गात विचारून पाहावा.

म्हणी टिकल्या आणि वासे गेले, एवढेच सांगायचे असते तर या लेखाची गरज नव्हती. गतकाळाविषयी हळहळणारे लेखन आपल्याकडे विपुल आहे. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. जुन्या घरांच्या पाडकामातून निघणाऱ्या लाकडाच्या पातळ फळ्या चिरून, त्या एकमेकींवर चिकटवून पेट्या करण्याचे जे काम आहे, त्यात एक काटेकोर विचारपद्धती आहे. वर्धा जिल्ह्याने विसाव्या शतकात शिक्षणाविषयी आणि साधेपणाविषयी जे काही मांडले, ते समजून घ्यायला ही पद्धती फार उपयोगी पडते. आणि ती समजली, तर आज आपण वर्ध्याच्या नावाने जे करतो आहोत त्यातले बरेचसे वरवरचे आहे, हेही दिसू लागते.

प्रथम कामाविषयी.

विदर्भातली जुनी घरे आणि वाडे मुख्यतः सागवानावर उभे राहिले. घर पाडले की तुळया, खांब, वासे, दारांच्या चौकटी असा माल निघतो. त्यातले जाड, सलग, निर्दोष लाकूड लगेच विकले जाते. उरते ते टोकांना कुजलेले, मध्येच वाळवीने पोखरलेले, खिळ्यांच्या भोकांनी भरलेले, जुन्या सांध्यांच्या खाचा वागवणारे लाकूड. त्याची सामान्य गती म्हणजे चूल. ते वाचवायचे तर आधी एकेक खिळा शोधून उपटावा लागतो, कारण लाकडात राहिलेला एक खिळा करवतीचे पाते खलास करतो. मग कुजलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले उभे चिरून त्याच्या पातळ फळ्या काढायच्या.

इथे एक हिशेब मांडायला हवा, कारण काटकसरीविषयी बोलणारे लोक तो सहसा मांडत नाहीत. समजा, ५० मिलिमीटर जाडीचा तुकडा हाती आहे. आऱ्याचा प्रत्येक छेद २ मिलिमीटर लाकूड खातो आणि चिरलेल्या फळीच्या दोन्ही बाजूंना रंधा मारताना एकेक मिलिमीटर जातो. तेव्हा ६ मिलिमीटरची तयार फळी हवी असेल तर ती ८ मिलिमीटरची चिरावी लागते. अशा पाच फळ्या आणि चार छेद मिळून ४८ मिलिमीटर होतात. हाती तयार लाकूड येते ३० मिलिमीटर. म्हणजे शंभरातले चाळीस भाग भुसा आणि किस. वाचवण्याच्या कामातही एवढे गमवावे लागते. मात्र ज्या तुकड्याचा एकच जाड पाट झाला असता, त्याच्या पाच फळ्या झाल्या आणि दोष कुठे, किती खोल आहे ते पाचही फळ्यांवर उघडे पडले. चिरणे हे एका अर्थी वाचन आहे. बाहेरून सलग दिसणाऱ्या लाकडात आत काय घडले होते, ते त्यावाचून कळत नाही.

आता दुसऱ्या म्हणीकडे येऊ. घर फिरले की वासेही फिरतात, यातले ‘फिरणे’ सुताराच्या भाषेत अगदी शब्दशः खरे आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्याबरोबर फुगते आणि आकसते. मात्र सर्व दिशांना सारखे नाही. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो आणि त्याच जिल्ह्यात पावसाळ्यात पापड सादळतात. या दोन ऋतूंत लाकडातल्या ओलाव्यात आठ टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर वलयांच्या दिशेने चिरलेली ३० सेंटिमीटर रुंदीची फळी साडेचार मिलिमीटरच्या आसपास हलते. तीच फळी गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेत चिरली असेल तर दोन मिलिमीटर. आधीच पातळ असलेली फळी एवढ्या ओढीने खोलगट होते, पिळते. जुने लाकूड नव्यापेक्षा शांत असते हे खरे, पण जाड तुळईच्या पोटातला ओलावा आणि ताण तिच्या पृष्ठभागापेक्षा वेगळा असतो. ती चिरली की दोन्ही नव्या बाजू मोकळ्या होतात आणि वर्षानुवर्षे गप्प बसलेले लाकूड वाकू लागते. म्हणून चिरल्याबरोबर चिकटवायचे नाही. फळ्यांची थप्पी लावायची, मध्ये सारख्या जाडीच्या बारीक पट्ट्या ठेवायच्या, वर वजन द्यायचे आणि काही आठवडे थांबायचे.

त्यानंतरचे जोडकामाचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. थर सहसा तीन, म्हणजे मधल्याच्या दोन्ही अंगांना सारखा जोर राहतो. सर्व थरांची उभी नस एकाच दिशेने. शेजारच्या फळ्यांतली वलये उलटसुलट, म्हणजे एक जिकडे वाकू पाहील त्याच्या विरुद्ध दुसरी ओढेल. सागवानाच्या अंगात तेल असते आणि ते पृष्ठभागावर येऊन चिकटण्याला अडथळा करते, म्हणून रंधा मारल्यावर रेंगाळायचे नाही, ताज्या पृष्ठभागावरच चिकटवायचे. दाब सगळीकडे सारखा. आणि पेटी तयार झाल्यावर तेल किंवा पॉलिश बाहेरून दिले तर आतूनही द्यायचे, नाहीतर एक बाजू ओलावा घेते, दुसरी घेत नाही आणि इतक्या कष्टाने सरळ केलेली फळी पुन्हा वाकते.

या सगळ्यातून मिळते काय? एका थरातले खिळ्याचे भोक, दुसऱ्यातली गाठ, तिसऱ्यातली चीर एकाच जागी येत नाहीत. प्रत्येकाच्या दोषामागे शेजाऱ्याचे निर्दोष लाकूड उभे असते. म्हणून तीन सदोष फळ्यांची एक भरवशाची फळी होते. आपल्या समीक्षेत ‘एकसंध’, ‘एकजिनसी’, ‘सलग’ हे शब्द प्रशंसेचे आहेत आणि ‘जोडकाम’, ‘ठिगळ’ हे निंदेचे. सुताराला विचारले तर तो सांगेल की सलग रुंद फळी दिसायला देखणी असते, पण फाटली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटते.

या कामासाठी वर्धा हेच नाव का घ्यायचे, तेही सांगायला हवे.

चरख्यापासून सुरुवात करू. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, एका स्त्रीला तो आठ तास फारसा शीण न होता चालवता यावा, किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, नीट निगा राखल्यास तो वीस वर्षे चालावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये. यंत्राच्या व्याख्येतच दुरुस्ती धरलेली आहे, हे लक्षात घ्या. किर्लोस्करवाडीतही असा चरखा घडवण्याचा प्रयत्न झाला. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्या चरख्यावर प्रयोग केले, तो पेटी चरखा. येरवडा चक्र हे त्याचे दुसरे नाव. यातली पेटी हे निव्वळ वेष्टन नव्हे. एक मोठे चक्र, एक लहान चक्र आणि चाती यांचे परस्परांतले अंतर आणि पातळी त्या लाकडावर अवलंबून असते. लाकूड वाकले की चक्रे एका रेषेत राहत नाहीत, माळ सुटते आणि सूत तुटते. मिटवून काखेत घेता येणाऱ्या त्या साधेपणाची सारी मदार न वाकणाऱ्या पातळ लाकडावर आहे.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम चाले आणि ते चालवणारे होते जे. सी. कुमारप्पा. १९३८ च्या डिसेंबरात तिथे मगन संग्रहालय उघडले. कुमारप्पांनी आपल्या १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये साठ्याचे अर्थशास्त्र आणि प्रवाहाचे अर्थशास्त्र असा भेद केला. कोळसा आणि खनिज तेल हा साठा, उपसला की संपणारा. लाकूड प्रवाहात मोडू शकते, पण जेवढे वाढते तेवढेच तोडले तर. या भेदाच्या उजेडात पाहिले तर पाडलेल्या घरातले सागवान चुलीत घालणे म्हणजे प्रवाहातून एकदा घेतलेले पाणी वाया घालवून पुन्हा घागर बुडवणे.

सेवाग्रामच्या बापूकुटीत एक लाकडी पिंजरापेटी आणि लांब लाकडी चिमटा आहे. साप मारू नये, पकडून दूर रानात सोडावा, यासाठी. अहिंसेवर लिहिलेल्या अनेक पानांपेक्षा ती पेटी मला अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात तत्त्वाला सांधे आणि झाकण मिळाले आहे. सापाच्या पेटीची फट बोटभर असून चालत नाही. तत्त्व कितीही उदात्त असो, सुतारकाम कच्चे असेल तर साप बाहेर येतो.

पेट्यांची दुसरी, अधिक सामान्य परंपराही याच भागातली. आर्वी, आष्टी, कारंजा हे संत्र्याचे तालुके. संत्रे पूर्वी लाकडी पेट्यांतून बाहेरगावी जाई आणि अशा खोक्यांसाठी सालईसारखे हलके लाकूड पातळ चिरून वापरले जाई. हीच सालई बांबूबरोबर नेपानगरच्या कारखान्यात वृत्तपत्राच्या कागदासाठी गेली. तो कारखाना १९५० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. जी सालई फळांची खोकी झाली, तिचाच लगदा छापखान्यांतही पोहोचला. आता फळांसाठी प्लॅस्टिकचे क्रेट आणि पुठ्ठ्याची खोकी आली. भाषेतली ‘पेटी’ मात्र लाकडावाचून चालत राहिली. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. २०२२ साली खोक्यांची घोषणा महाराष्ट्रभर दुमदुमली, तेव्हा कोणाच्याही डोळ्यांसमोर फळी आली नसेल. संगीताच्या बैठकीतली पेटी तेवढी अजून लाकडाची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पातळ लाकडाचा उपयोग दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी होतो. एका प्रकारात चांगल्या लाकडाचा कागदासारखा पापुद्रा काढून तो हलक्या, निराळ्याच मालावर चिकटवतात. त्याला व्हिनिअर म्हणतात. वरून सागवान, आत काहीही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आपण पाहिलेल्या जोडकामात, प्रत्येक थर भार उचलतो आणि कडेला पाहिले की सर्व थर मोजता येतात. गोंद दोन्हीकडे आहे, पातळपणा दोन्हीकडे आहे. पण पहिल्याला कड झाकावी लागते, दुसऱ्याला दाखवता येते. व्हिनिअरला मी सरसकट वाईट म्हणत नाही; उत्तम कारागिरांनी ते वापरले आहे. ओरखडा पडला की आतले उघडे पडते, एवढाच त्याचा स्वभाव.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीने तिच्यातून जी योजना आखली, तिचे सार हा भेद ध्यानात घेतला की लख्ख दिसते. सूतकताई, शेती, पुठ्ठाकाम, सुतारकाम हे विषय शाळेत असावेत एवढेच तिचे म्हणणे नव्हते. उद्योगातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवावे असे होते. नयी तालीमच्या परिभाषेत या पद्धतीला ‘समवाय’ म्हणत. न्यायवैशेषिक परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शब्दाची ताकद कळेल. दोन वस्तू जवळ येतात आणि पुन्हा दूर होऊ शकतात, तो संयोग. तंतू आणि पट यांचे नाते तसे नाही. तंतूंवाचून पट नाहीच. तो समवाय. वर मांडलेल्या हिशेबात टक्केवारी शिकवायला लाकडाचा दाखला घेतलेला नाही. पेटी करायची आहे म्हणून टक्केवारी लागली आहे. समवाय म्हणतात तो हा.

त्या योजनेचे पुढे काय झाले? बहुतेक ठिकाणी कार्यानुभव नावाचा एक तास झाला. वेळापत्रकावर चिकटवलेला पापुद्रा. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळेत नयी तालीमचा धागा पुन्हा हाती घेतला गेला, हा अपवाद मोलाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांसोबत घालवावेत असे सुचवले. हेतू चांगला आहे. पण चिरलेली फळीसुद्धा दहा दिवसांत वाळून स्थिर होत नाही! दहा दिवसांत मूल रंधा धरून छायाचित्र काढून घेईल. फळी पावसाळ्यात का फिरली, हा प्रश्न त्याला पडायला एक पावसाळा जावा लागतो.

दोन आक्षेप इथे येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, हे परवडते का? आठ बाय चार फुटांचा प्लायवुडचा तावदानासारखा सपाट तुकडा दुकानातून आणता येत असताना खिळे उपटत बसणार कोण? खरे आहे. वाचवलेल्या लाकडात माल स्वस्त पडतो आणि श्रम महाग. म्हणून तर हे काम श्रमाला किंमत नसलेल्या समाजात फार काळ टिकत नाही, किंवा टिकते ते कोणाच्या तरी नाइलाजावर. लाकडाच्या व्यवहारावरचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशानंतर अधिक कडक झाले आणि जंगलांच्या दृष्टीने ते आवश्यकही होते. पण त्याची जागा जुन्या लाकडाच्या शहाण्या वापराने घेतली नाही. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले त्याची बातमी झाली, मिरवणूक निघाली. पाडलेल्या घरातल्या वाशाची मिरवणूक निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुतारकी, विदर्भातल्या बोलीत वाढईचे काम, हा शतकानुशतके जातीला बांधलेला व्यवसाय. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर त्या व्यवस्थेविषयी हळवे होणे शक्य नाही. तेव्हा साहित्याच्या प्राध्यापकाने रंध्याचे गोडवे गाणे म्हणजे दुसऱ्याच्या घामावर व्हिनिअर चढवणे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण म्हणूनच हे काम सर्व जातींच्या मुलांनी एका बाकावर शिकावे, ही वर्धा योजनेतली मागणी महत्त्वाची होती. हात आणि बुद्धी वेगवेगळ्या घरांत वाटून देण्याच्या रिवाजावरच तिने आरा चालवला होता.

मग भाषेच्या शिक्षकांनी काय करावे? निदान एक काम त्यांच्या आवाक्यातले आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत आणि त्यांत कारागिरांच्या बोलीतून आलेले शब्द मुबलक आहेत. वाकस, पटाशी, गुण्या, रंधा, पाचर, खुंटी, कुसू. यांतल्या ‘पाचर मारणे’ आणि ‘खुंटी बळकट करणे’ यांना वाक्प्रचारांत जागा मिळाली, बाकीचे विझत चालले आहेत. आपल्या तालुक्यात घरे पाडली जात असताना लाकडाच्या भागांची नावे, दोषांची नावे, फिरण्याचे प्रकार हे शब्द कारागिरांकडून नोंदवून घेणे हा पदव्युत्तर वर्गाचा प्रकल्प का होऊ नये? अट एकच असावी. प्रत्येक विद्यार्थ्याने यादीबरोबर स्वतः जोडलेली एक पेटीही आणावी. पेटीवाचूनची यादी म्हणजे पुन्हा पापुद्राच.

जुना सरस गरम पाण्याने सुटे. तो त्याचा दोष मानला गेला आणि १९५९ पासून बाजारात आलेल्या फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदांनी त्याची जागा घेतली. पण सरस सुटतो म्हणूनच जुनी वाद्ये उघडून दुरुस्त करता येतात. ज्ञानाचे सांधेही असेच असावेत असे वाटते. भार घेताना पक्के, आणि पुढच्या पिढीला उघडून पाहावेसे वाटले तर उघडता येतील असे.

खाल्ल्या घरचे वासे मोजणे याला मराठीने कृतघ्नपणा ठरवले. घर उभे असेतोवर ते ठीक होते. वर्ध्याचे घर आता फिरले आहे. त्या घरचे अन्न आपण भाषणांतून, अभ्यासक्रमांतून, जयंत्या-पुण्यतिथ्यांतून पुष्कळ खाल्ले आहे. आता त्याचे वासे मोजायला हवेत. कुठले कुजले, कुठल्यात गाभा शिल्लक आहे आणि कुठले चिरून पुन्हा जोडता येतील, हे पाहण्याचा तेवढाच एक मार्ग आहे.